तलवारीच्या राज्यातली वेठ

ब्रँडन सँडरसनच्या ‘द वे ऑफ किंग्ज’ (२०१०) या कादंबरीतलं युद्ध खोल भेगांनी चिरलेल्या पठारांवर चालतं. भेग ओलांडायला पूल हवा आणि तो लाकडी पूल खांद्यावर घेऊन धावायला माणसं हवीत. सादेआस या सरदाराच्या छावणीत हे काम गुलामांच्या आणि समाजातून फेकल्या गेलेल्यांच्या गळ्यात पडतं. त्यांना ना चिलखत, ना ढाल. असं का, हे नायक कॅलडिनला बऱ्याच उशिरा कळतं. समोरचे तिरंदाज या उघड्या माणसांवर बाण खर्ची घालतात आणि मागचं महागडं सैन्य शाबूत पोचतं. पूलवाल्यांनी मरावं, हीच तर योजना! फँटसीत आसूड ओढणारे मुकादम पैशाला पासरी मिळतात. मरणाचा असा जमाखर्च क्वचित वाचायला मिळतो.

पूर्वी तो कुणी मांडतच नसे. टोल्कीनच्या मोर्डोरमधली सैन्यं जेवतात कशी, याचं उत्तर नूर्नेन सरोवराकाठी गुलामांच्या शेतांत आहे, पण तिकडे आपल्याला कुणी नेत नाही. शेवटी नवा राजा त्यांना मोकळं करतो, तीच जमीन देऊन टाकतो आणि विषय तिथेच मिटतो.

जॉर्ज मार्टिन यांनी हा विषय मिटू दिला नाही, हे त्यांचं मोठं काम. त्यांच्या लोहद्वीपांवरचं ग्रेजॉय घराणं आपण पेरणी करत नाही, हे ब्रीद म्हणून मिरवतं. लुटून आणावं, विकत घेऊ नये, असा तिथला मर्दानी बाणा. मग खाणीत कोण उतरतं, शेतात कोण राबतं? पकडून आणलेले दास. त्यांच्याच डेनेरिस राणीचं प्रकरण तर त्याहून बोचरं. मीरीन शहरातले गुलाम ती मुक्त करते आणि थोड्याच दिवसांत काही माणसं स्वतःला पुन्हा विकायची परवानगी मागायला येतात. ती देते, बायकामुलांना विकायचं नाही, एवढी अट घालते. वर त्या विक्रीतला दहावा हिस्सा सरकारात जमा! टीव्ही मालिकेत युंकाई शहरातल्या गुलामांच्या सुटकेचा शेवट गर्दीने डोक्यावर घेतलेल्या गोऱ्या राणीत होतो. कादंबरीतला तो दहावा हिस्सा मला जास्त खरा वाटतो.

उतरंड दाखवण्यात आजचे लेखक पटाईत झाले आहेत. सँडरसनच्या अलेथी समाजात हलक्या रंगाच्या डोळ्यांचे ते वरचे, गडद डोळ्यांचे ते खालचे. बाईने डावा हात झाकायचा, ही तिथली मर्यादा. त्यातही उच्चकुलीन बाई तो लांब, बटणं लावलेल्या बाहीत लपवते, तर कष्टकरी बाई नुसता हातमोजा घालते, कारण तिला दोन्ही हातांनी काम उरकायचं असतं. एका बाहीत सगळी वर्णव्यवस्था आली.

घोडं अडतं ते पुढे. कॅलडिन वर येतो तो लढून. पुढच्या खंडात दिव्य शस्त्र हाती येताच त्याचे डोळेही हलक्या रंगाचे होतात. इव्हान विंटर यांच्या ‘द रेज ऑफ ड्रॅगन्स’मध्ये लढवय्या म्हणून न निवडलेल्यांच्या नशिबी हमाली येते. नायक टाऊ वडिलांच्या खुनाचा सूड घ्यायला रक्ताचं पाणी करून लढवय्या होतो, पण हमाल जिथल्या तिथेच. म्हणजे माणसाने तलवार उचलली की तो पात्र होतो. नांगर, जातं, टोपली हाती असेपर्यंत तो देखावाच.

‘बाहुबली’ (२०१५) पाहताना हेच खटकलं. कट्टप्पा हा त्यातला सर्वांत समर्थ योद्धा, पण पूर्वजांनी दिलेल्या वचनाने सिंहासनाचा गुलाम. खरा वारस महेंद्र, त्याला ओळखताच तो त्याचा पाय उचलून आपल्या डोक्यावर ठेवतो, आणि थिएटरात शिट्ट्या! दुसऱ्या भागाच्या शेवटी सिंहासनावर योग्य वारस बसतो. कट्टप्पाच्या चाकरीचं पुढे काय, हे कुणी विचारत नाही. महार वतनाच्या पिढीजात चाकरीविरुद्ध आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं, त्या मुलखातल्या प्रेक्षकाला तरी हा प्रश्न पडायला हरकत नव्हती. (शिट्टी मीही मारली असती, दृश्य तसंच चित्रित केलंय.)

सँडरसनकडे याहून अवघड वाटेचा एक तुकडा आहे. पार्शमेन ही त्याच्या जगातली मुकी गुलाम जमात. दोन जाडजूड खंड ती पाठीमागे ओझी वाहत राहते. ‘ओथब्रिंगर’मध्ये (२०१७) तिला शुद्ध येते. कॅलडिन त्यांचा माग काढत पोचतो, तेव्हा ते चक्क पत्ते खेळत असतात. मालकांचा डाव बघून नियम अंदाजाने जुळवलेले. पुढे कथा पुन्हा रणांगणाकडे धावते, ही खंत.

उर्सुला ले ग्वीन यांनी मात्र ‘पॉवर्स’मध्ये (२००७) ती घाई केली नाही. सतत लढणाऱ्या नगरराज्यातला गुलाम मुलगा गाविर मालकांच्या घरी शिकतो आणि त्या घराला आपलंच समजतो. बहिणीचा बळी गेल्यावर तो पळतो, जंगलातल्या मुक्त गुलामांच्या वस्तीत पोचतो, तर तिथेही पळवून आणलेल्या बायका आणि त्यांच्यावर हक्क सांगणारा म्होरक्या! गाविर तलवारबहाद्दर होत नाही. त्याच्याकडे पाठ केलेल्या कविता आणि गोष्टी असतात, त्या तो लोकांना म्हणून दाखवतो. वस्तीत त्याला किंमत येते ती त्यामुळे, आणि आपण कुणाच्या मर्जीतले झालो आहोत हेही त्याला तिथेच उमगतं.