पंचचूडेच्या तोंडचे शब्द

स्त्री ही सर्व अनर्थांचें मूळ आहे, हें मत जुन्या ग्रंथांतून काढून दाखविणाराला फार शोध करावा लागत नाहीं. मनूपासून भर्तृहरीपर्यंत त्याची सोय ठिकठिकाणीं करून ठेवलेली आहे. अशीं वचनें पुढें आलीं म्हणजे आपण सुशिक्षित मंडळी दोहोंपैकीं एक गोष्ट करतों. कोणी स्त्रियांच्या पूजेविषयींचें मनूचेंच दुसरें वचन पुढें करून पहिलें झांकूं पाहतो. कोणी 'तो काळच तसा होता' असें म्हणून पान उलटतो. दोन्ही रीतींनीं मूळ ग्रंथ वाचावयाचा तेवढा राहून जातो. वचन सुटें काढलें कीं तें कोणीं, कोणाला व कोणत्या प्रसंगीं सांगितलें हें गळून पडतें. आणि माझ्या मतें स्त्रीनिंदेचें मर्म या गळून पडणाऱ्या भागांतच आहे. म्हणून येथें एकच प्रकरण जरा सावकाश वाचावयाचें योजिलें आहे. तें म्हणजे महाभारताच्या अनुशासनपर्वांतील पंचचूडेचें आख्यान व त्याला लागूनच आलेली विपुलाची कथा.

युद्ध संपलें आहे. भीष्म शरशय्येवर पडले आहेत, आणि युधिष्ठिर त्यांना एकामागून एक धर्मप्रश्न विचारीत आहे. त्या ओघांत तो स्त्रियांचा स्वभाव विचारतो. विचारतो म्हणण्यापेक्षां ठरवून टाकतो म्हणावें, कारण स्त्रिया दोषांचें मूळ आहेत हें त्यानें प्रश्नांतच गृहीत धरलेलें आहे. हा प्रश्न करणारा कांहीं त्रयस्थ नव्हे. कर्ण आपला ज्येष्ठ बंधु होता हें कुंतीकडून उशिरा कळल्यावर, यापुढें कोणाहि स्त्रीच्या पोटांत गुह्य राहणार नाहीं, असा शाप त्यानें शांतिपर्वाच्या आरंभीं समस्त स्त्रीजातीला दिलेला आहे. अपराध एका आईचा (आणि त्याला अपराध म्हणावें कीं नाहीं हाहि प्रश्नच), पण शिक्षा सगळ्या जातीला! द्यूतांत बायको पणाला लावणाऱ्या राजावरून समस्त पुरुषजातीला कोणीं शाप दिल्याचें मात्र व्यासांनीं लिहिलेलें नाहीं.

उत्तर देणारे भीष्म. त्यांचें ब्रह्मचर्य हें बापाच्या वासनेचें मोल होतें. शंतनूला सत्यवती हवी होती, म्हणून मुलानें जन्मभर संसार सोडला. काशिराजाच्या तीन मुली त्यांनींच भावासाठीं बळानें रथांत घालून आणल्या. त्यांतील अंबेच्या आयुष्याची माती झाली, आणि तीच अंबा शिखंडीच्या रूपानें समोर आली तेव्हां भीष्मांनीं धनुष्य खालीं ठेवलें. ज्या शय्येवरून स्त्रीस्वभावाचें हें निरूपण चाललें आहे ती शय्या अशा रीतीनें प्राप्त झालेली आहे! इरावतीबाई कर्वे यांनीं 'युगान्त'मध्यें (१९६७) भीष्मांच्या हातून कुलांतल्या स्त्रियांचें जें नुकसान झालें त्याचा हिशोब मांडला आहे. हें प्रकरण वाचतांना तो हिशोब शेजारीं ठेवावा. यावर कोणी म्हणेल कीं अनुशासनपर्व ही महाभारतांतील मागाहूनची भर, तेव्हां तिचा भीष्मचरित्राशीं मेळ घालणें अन्यायाचें आहे. असेल, पण भर घालणारानेंहि वक्ता निवडलाच ना? आणि भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तींत हें पर्व १९६६ सालीं बाहेर पडलें, तेव्हां हें आख्यान प्रक्षिप्त म्हणून गाळलें गेलें नाहीं.

आतां गंमत अशी कीं भीष्म स्वतःच्या अनुभवाचा आधार देत नाहींत. तो त्यांना नव्हताच. ते नारदाचा आधार घेतात. नारदहि ब्रह्मचारी, तेव्हां तो पंचचूडा नांवाच्या अप्सरेला विचारतो. पंचचूडा आरंभीं नकार देते. स्त्री असून स्त्रियांची निंदा मजकडून होणार नाहीं, असें तिचें म्हणणें. खरें बोलण्यांत दोष नाहीं, अशी नारदानें समजूत घातल्यावर तिचा जो वाक्प्रवाह सुरू होतो तो थांबतां थांबत नाहीं. क्षणापूर्वीं मान खालीं घालणारी ती हीच काय, असा प्रश्न कोणाहि रसिकाला पडावा. पण हा रसभंग ग्रंथकाराच्या सोयीचा आहे. न्यायसभेंत फिर्यादीच्या साक्षीपेक्षां आरोपीच्या कबुलीजबाबाला वजन अधिक असतें, आणि तो कबुलीजबाब येथें मिळविलेला आहे. तो दिला आहे घरसंसार जिच्या वांट्यालाच नाहीं अशा स्वर्गांतल्या अप्सरेनें, आणि लागू करावयाचा आहे घरोघरच्या सासुरवाशिणीला!

तिच्या भाषणांतील उपमा पाहाव्या. लांकडांनीं अग्नि तृप्त होत नाहीं, नद्यांनीं समुद्र होत नाहीं, प्राण्यांनीं मृत्यु होत नाहीं, तशी स्त्रियांची पुरुषांविषयीं स्थिति. ही अग्नीची उपमा वाचकांना ओळखीची वाटेल, आणि वाटावी. आदिपर्वांत ययातीनें तीच वापरलेली आहे; तेथें लांकडाच्या जागीं तूप आहे एवढाच फरक. परंतु ययाति कोणाविषयीं बोलत आहे? स्वतःविषयीं. मुलाचें तारुण्य उसनें घेऊन पुष्कळ काळ विषय भोगल्यानंतर, उपभोगानें काम शमत नाहीं, हा आपला अनुभव तो सांगतो. त्याच्या तोंडीं ती उपमा खरी आहे, कारण ती पोळलेल्या माणसाची आहे. अनुशासनपर्वांत तीच आग उचलून शेजारच्या घरांत नेऊन ठेवली आहे. पुरुषाला जें आपलें म्हणून ठाऊक होतें तें येथें स्त्रीचा स्वभाव होऊन बसलें. स्त्री पापाची खाण कां ठरली, याचें माझ्या मतें सर्वांत सरळ उत्तर या उपमेच्या प्रवासांत आहे. वासना जिंकण्याचें ज्यानें व्रत घेतलें त्याला ती स्वतःच्या मनांत दिसणें परवडत नाहीं. तिला बाहेर, दुसऱ्या कोणाच्या देहांत, घर शोधून द्यावें लागतें.

विपुलाच्या कथेंत हें अक्षरशः घडतें. देवशर्मा ऋषि यज्ञासाठीं बाहेर निघतो. त्याची पत्नी रुचि रूपवती, आणि तिच्यावर इंद्राची नजर आहे. इंद्र वाटेल तें रूप घेऊं शकतो. तेव्हां तिचें रक्षण करण्यास तो विपुल नामक शिष्याला बजावून जातो. नुसत्या पहाऱ्यानें निभावणार नाहीं असें पाहून विपुल योगबलानें गुरुपत्नीच्या शरीरांतच शिरतो. इंद्र येतो. रुचि उठूं पाहते तों अंग हलत नाहीं. बोलूं पाहते तों शब्द फुटत नाहीं. आणि शब्द फुटतात तेव्हां ते विपुलाचे असतात, 'तुझें येथें काय काम' अशा अर्थाचे, तेहि चांगल्या संस्कारयुक्त भाषेंत. आपल्याच तोंडून निघालेलें तें बोलणें ऐकून रुचि ओशाळते. त्या सगळ्या प्रसंगांत तिचें स्वतःचें असें हें ओशाळणें एवढेंच.

दुर्वर्तनी येथें इंद्र आहे. पहारा मात्र बाईवर, आणि तोहि तिच्या देहाच्या आंत बसून. ही कथा ज्यानें पंचचूडेच्या पाठोपाठ ठेवली त्यानें नकळत पहिल्या कथेची फोड करून दिली आहे. पंचचूडेच्या मुखांतूनहि कोणी विपुलच बोलत होता. तरी कथाकाराच्या श्रेयाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. विपुलाचें मन पुढें स्वस्थ राहत नाहीं. आपण गुरुपत्नीच्या शरीरांत शिरलों हें तेवढें त्यानें गुरूपासून चोरून ठेवलेलें असतें, आणि वाटेंत भेटलेलीं माणसें विपुलाच्या दुर्गतीची शपथ वाहतात तेव्हां त्याला धडकी भरते. ही टोचणी निव्वळ उपदेशकाला सुचली नसती. गुरु शेवटीं त्याला क्षमा करतो. रुचीला कोणी कांहीं विचारीत नाहीं.

आणखी एक गोष्ट. ही कथा संपल्यावर लवकरच विषय येतो तो विवाहाचे प्रकार, दायविभाग, वर्णसंकर आणि पुत्रांचे भेद यांचा. स्त्रियांच्या पूजेचें तें सुप्रसिद्ध वचनहि याच भागांत आहे. म्हणजे संन्याशाची भीति आणि गृहस्थाची चिंता येथें हातांत हात घालून चालतात. मुलगा कोणाचा आणि जमीन कोणाला, हा प्रश्न असला म्हणजे स्त्रीची पूजा व स्त्रीवरील पहारा यांत विरोध राहत नाहीं. तिजोरीलाहि आपण दिवाळींत कुंकू लावतोंच.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. १४८५ मध्यें हाइन्रिख क्रामर या डोमिनिकन पंथाच्या ख्रिस्ती संन्याशानें इन्सब्रुक येथें कांहीं स्त्रियांवर चेटकाचा खटला भरला. हेलेना शॉयबरिन या आरोपी बाईला तो तिच्या खासगी वर्तनाविषयीं असे प्रश्न विचारूं लागला कीं खटला बंद करण्यांत आला व बिशपनें त्याला गांव सोडण्यास सांगितलें. त्यानंतर लवकरच त्यानें 'मालेउस मालेफिकारुम' हा चेटकिणींविषयींचा कुप्रसिद्ध ग्रंथ सिद्ध केला. स्त्रीवाचक लॅटिन शब्दाची 'श्रद्धेनें उणी' अशी खोटी व्युत्पत्ति त्यांत दिलेली आहे. युधिष्ठिराच्या शापाची ही युरोपीय आवृत्ति. फक्त तिच्या पायीं माणसें जाळलीं गेलीं.

उलट, निंदेचा वक्ता बदलला कीं काय होतें हें पाली ग्रंथांत दिसतें. स्त्रीच्या चिमूटभर बुद्धीला ऋषींचें पद मिळणार नाहीं, असें सोमा भिक्षुणीला सांगणारा तेथें प्रत्यक्ष मार आहे. पाप स्त्रीच्या ठायीं नाहीं. ती पापी आहे असें कानांत सांगणें हेंच तेथें पापाचें काम ठरलें. बौद्ध वाङ्मय सर्वत्र इतकें उदार नाहीं. कित्येक जातककथा पंचचूडेला लाजवितील.

आणि महाभारतांत तरी एकच सूर कोठें आहे? शांतिपर्वांत सुलभा नांवाची संन्यासिनी जनकाच्या चित्तांत योगबलानें प्रवेश करते. म्हणजे विपुलाचेंच कृत्य, उलट्या दिशेनें. रुचीला ज्याविषयीं कोणीं विचारलें नाहीं त्याचा जनकाला मात्र केवढा संताप! तूं कोण, कोणाची, वर्ण कोणता, गोत्र कोणतें, असा भडिमार तो करतो व तिच्या शीलावरहि घसरतो. सुलभा शांतपणें वाणीच्या गुणदोषांपासून आरंभ करते, आणि मुक्त म्हणविणाराला स्त्रीपुरुषभेद दिसतोच कसा, असें विचारून त्याला निरुत्तर करते. ती दुसऱ्याच्या देहांत बसूनहि स्वतःच्या तोंडानें बोलते. पुराणिकांच्या कथेंत पंचचूडेचे दोषपाठ जितके वाचले गेले तितकी सुलभा वाचली गेली असती, तर आमच्या आजींच्या कानांवर वेगळें कांहीं पडलें असतें.

मराठींत या दोषपाठांना तसें तोंड फुटलें तें १८८२ सालीं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल आदल्या वर्षीं शिक्षा झाली, आणि वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर कोरडे ओढले जाऊं लागले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून उत्तर दिलें. त्यांची रीत साधी आहे. स्त्रियांवर लादलेलीं दूषणें त्या एकेक करून हातीं घेतात, आणि हें पुरुषांत अधिक आहे कीं नाहीं, असें विचारतात. देव आणि ऋषीहि त्या तडाख्यांतून सुटत नाहींत. भाषा कोठें कोठें शिवराळ आहे, मांडणी घाईची आहे, आणि पातिव्रत्याच्या कल्पनेंतून त्या स्वतः सर्वस्वी सुटलेल्या नाहींत. पण लांकडाची आणि अग्नीची उपमा ज्याची त्याला परत करणारें त्यापूर्वींचें असें दुसरें मराठी पुस्तक मला ठाऊक नाहीं. पुण्याच्या शिवाजी छापखान्यांत त्याच्या पांचशें प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे. टीका झाली तेव्हां जोतीराव फुल्यांनीं १८८५ मध्यें 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. ताराबाईंनीं त्यानंतर दुसरें पुस्तक छापलें नाहीं, आणि हें पुस्तक स. गं. मालशे यांनीं पुन्हां प्रकाशांत आणीपर्यंत १९७५ साल उजाडलें.