होलिओकच्या अंगणात वैरागचं शूटिंग

व्हॉलीबॉल जन्मला तो आपण राहतो त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये, हे आपल्या मराठी मंडळातल्या पुष्कळांच्या गावीही नसतं. होलिओकच्या वायएमसीएत विल्यम मॉर्गन नावाचे व्यायामशिक्षक होते. शेजारच्या स्प्रिंगफील्डमध्ये १८९१ साली बास्केटबॉल निघाला होता, पण दिवसभर काम करून येणाऱ्या प्रौढ मंडळींना त्यातली धावपळ आणि धक्काबुक्की झेपेना. म्हणून मॉर्गननी १८९५ साली टेनिसची जाळी साडेसहा फुटांवर बांधली आणि चेंडू जमिनीवर पडू न देता इकडून तिकडे मारायचा खेळ मांडला. घोडं अडलं ते चेंडूपाशी. बास्केटबॉल जड होता. त्यातला नुसता ब्लॅडर काढून घ्यावा, तर तो अगदीच हलका आणि मंद. शेवटी त्यांनी स्पॉल्डिंग कंपनीकडून हवा तसा चेंडू करून घेतला. आत रबरी ब्लॅडर, वर चामडं, परीघ २५ ते २७ इंच, वजन ९ ते १२ औंस. आज आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम परीघ ६५ ते ६७ सेंटिमीटर आणि वजन २६० ते २८० ग्रॅम असा आहे. गुणाकार करून पाहा, मॉर्गननी आखलेल्या मापाच्या आतच तो बसतो.

हा खेळ वायएमसीएच्या हाताला धरून जगभर गेला. हॅरी बक यांनी १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. तिथून आणि तशाच इतर संस्थांतून शिकून निघालेल्या व्यायामशिक्षकांनी तो शाळाशाळांत नेला. बार्शी तालुक्यातल्या आमच्या वैरागपर्यंत तो नेमका कोणत्या साली पोचला याची नोंद कोण ठेवणार? मला कळू लागलं तेव्हा तो तिथला जुना रहिवासी होता. दोन बांबू, एक जाळी, मुरूम टाकून पाणी मारलेली जागा आणि फक्कीच्या रेषा, एवढ्या भांडवलावर संध्याकाळ निघायची.

पण आमच्याकडे खेळाला दोन फाटे फुटले होते. एक शाळेतला सहा जणांचा, पास द्यायचा, उचलून द्यायचा आणि उडी घेऊन हाणायचा. त्याला आम्ही ‘स्मॅशिंग’ म्हणायचो. दुसरा गावातल्या मोठ्या माणसांचा, ‘शूटिंग’. यात एका बाजूला सात जण. दोन्ही हातांच्या मुठी जोडून, कधी मनगटावर घेऊन, मागच्या रेषेजवळून चेंडू असा फेकायचा की तो जाळीला जेमतेम चाटून पलीकडच्या कोपऱ्यात पडावा. पुढे नेटवर उभी राहणारी माणसं वेगळ्या धातीची, मागचे शूटर वेगळ्या. शूटिंगला उंची लागत नाही, नजर लागते. पंचेचाळिशीतला शिक्षक विशीतल्या पोराला जागेवर उभा राहून पळवतो. जत्रायात्रांच्या दिवसांत सोलापूर, सांगली, धाराशिवकडच्या गावांतून शूटिंगच्या स्पर्धांचे फलक लागतात आणि रात्री दिव्यांच्या उजेडात सामने चालतात. हा ऑलिंपिकमधला खेळ नव्हे. तो आपल्या मातीने स्वतःसाठी घडवून घेतलेला आहे, आणि मी त्याला कला म्हणतो ते जाणूनबुजून.

ती कला आपल्या मंडळातली माणसं इथे टिकवून आहेत, म्हणून हा लेख. उन्हाळ्यात रविवारी सकाळी बागेतल्या हिरवळीवर आणि थंडीत भाड्याने घेतलेल्या जिममध्ये ही मंडळी जमतात. त्यात बार्शी-पंढरपूरकडचे आहेत, सांगलीचे आहेत, पुण्यातले शूटिंगचं नावही न ऐकलेले आहेत, आणि आता त्यांची इथे जन्मलेली मुलंही आहेत. ही मुलं शाळेत सहा जणांचा रीतसर व्हॉलीबॉल शिकतात आणि रविवारी बापाबरोबर मुठी जोडून शूटिंग करतात. दोन्ही त्यांना येतं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

परदेशात हे आपणच करतो असं नाही. अमेरिका-कॅनडातले मल्याळी लोक जिमी जॉर्जच्या नावाने दरवर्षी व्हॉलीबॉलची स्पर्धा भरवतात. आशियाई खेळांत १९८६ साली सोलला कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघातला, इटलीत व्यावसायिक म्हणून खेळलेला हा केरळचा खेळाडू १९८७ मध्ये तिथेच मोटार अपघातात गेला. कॅनडातले पंजाबी त्यांच्या क्रीडा मेळ्यांत कबड्डीच्या जोडीला व्हॉलीबॉल शूटिंग ठेवतात. मराठी मंडळांत मात्र नाटक, गाणं, ढोल-ताशा यांना जेवढी जागा मिळते तेवढी खेळाला मिळत नाही, हे स्पष्टच सांगतो. स्मरणिकेत ही चार पानं संपादकांनी दिली, त्याबद्दल त्यांचे आभार.

संघासाठी चेंडू घ्यायचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे ‘कोणता घेऊ?’ हा प्रश्न मला इतर मंडळांतूनही येतो. बहुतेकांना उत्तर म्हणून एका कंपनीचं नाव हवं असतं. नाव सांगता येतं. जपानच्या हिरोशिमातली मिकासा ही कंपनी ऑलिंपिकला चेंडू पुरवते. तिचा निळा-पिवळा ‘व्ही २०० डब्ल्यू’ २०१९ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत आहे. इथल्या कॉलेजांत मोल्टेनचा चेंडू जास्त दिसतो. भारतात कॉस्को आणि निविया घरोघर माहीत. पण नावाआधी विचारायला हवं की खेळणार कोण आणि खेळणार कशावर.

जिमच्या लाकडी जमिनीवर सहा जणांचा खेळ असेल, तर मऊ पृष्ठभागाचा, कृत्रिम चामड्याचा, पाट्या चिकटवलेला चेंडू घ्यावा. तो महाग असतो, पण हाताला लागत नाही. हाच चेंडू डांबरी किंवा खडबडीत जागेवर नेला की एका हंगामात त्याची साल निघते. बाहेरच्या जागेसाठी शिवलेला, जाड आवरणाचा, स्वस्तातला चेंडू बरा, आणि तो वेगळाच ठेवावा. धुळीने माखलेला चेंडू आत आणला की जमीन घसरडी होते आणि जिमवाले कपाळाला आठ्या घालतात. वाळूवरचा चेंडू आणखी निराळा. त्याचा परीघ ६६ ते ६८ सेंटिमीटर असतो आणि हवा बरीच कमी भरतात. बारा वर्षांखालच्या मुलांना पूर्ण वजनाचा चेंडू देऊच नये. दोनशे ग्रॅमच्या आसपासचे हलके चेंडू मुद्दाम त्यांच्यासाठी मिळतात. मनगटं लाल झालेलं मूल पुढच्या रविवारी येत नाही, असा माझा अनुभव आहे.

शूटिंगला यातला एकही चालत नाही. जोडलेल्या मुठींचा फटका पेलायला चेंडू टणक लागतो. हाताने शिवलेला, चामड्याचा, घट्ट फुगवलेला. मऊ चेंडू मुठीवर दबतो, बळ खातो आणि लांब जाण्याऐवजी हवेत रेंगाळतो. असा चेंडू इथल्या दुकानांत मिळत नाही. तो जालंधर-मेरठकडच्या कारागिरांच्या हातचा. सोलापूर-बार्शीच्या दुकानांतून घ्यायचा आणि शेंगाची चटणी, कडक भाकरीच्या पुड्यांशेजारी हवा काढून बॅगेत ठेवायचा. टाके उसवले तर इथे शिवून देणारा सापडत नाही, म्हणून आमच्यातल्या एकाने मेणाचा दोरा आणि जाड सुई घेऊन स्वतः शिकून घेतलं. तो पेशाने संगणक अभियंता आहे. त्याच्या हातचा टाका मी कोणत्याही कारागिराला दाखवायला तयार आहे.

दुकानात चेंडू हातात आला की काय पाहायचं? मोजायची टेप आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरे. मग चेंडू गरकन फिरवून सरळ वर फेकावा. डगमगत खाली आला, तर तो गोल नाही किंवा वजन एका बाजूला आहे. शिवण नखाने चाचपावी, नॉबपाशी थुंकी लावून बुडबुडा येतो का बघावा. वैरागला आम्ही हेच करायचो आणि याहून चांगला उपाय अजून निघालेला नाही. डझनभर एकदम घेऊ नयेत. एक घ्यावा, सगळ्यांच्या हातून महिनाभर जाऊ द्यावा, पसंत पडला तर त्याच जातीचे बाकीचे घ्यावेत. सरावाला पाच प्रकारचे चेंडू असलेल्या संघाचा पास कधीच बसत नाही.

हवेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथल्या थंडीत निम्म्या तक्रारी तिथून येतात. नियमाने दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.३० ते ०.३२५ किलो. खोलीत २२ अंशाला नीट भरलेला चेंडू जानेवारीत मोटारीच्या डिकीत शून्य अंशाला राहिला, की हवा कुठेही न गळता दाब साधारण ०.२१ पर्यंत उतरतो, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश कमी. लोक चेंडूला नावं ठेवतात, पंप मारतात, आणि तासाभराने जिमच्या उबेत तोच चेंडू दगड होतो. वैरागच्या एप्रिलात नेमकं उलटं. सकाळी भरलेला चेंडू उन्हात ठेवला की टाके ताणले जातात. म्हणून चेंडू घरात ठेवा, सामन्याआधी अर्धा तास जिममध्ये नेऊन ठेवा, आणि मगच दाब मोजा. मापक दहा-बारा डॉलरला मिळतो. अंगठ्याने दाबून अंदाज घेणारे तज्ज्ञ प्रत्येक संघात असतात. त्यांचा मान राखावा, पण मापक घ्यावा.

खर्चाचं म्हणाल तर सामन्यासाठीचा एक उत्तम चेंडू ऐंशी डॉलरच्या घरात जातो. दोन सामन्यांचे, सहा सरावाचे, चार मुलांचे हलके, एवढी पुंजी एका संघाला दोन वर्षं पुरते. शूटिंगचे चेंडू मात्र विकत घेऊन पुरत नाहीत, ते आणावे लागतात. सध्या आपल्याकडे खेळण्याजोगे दोनच उरले आहेत. या सुट्टीत जे सोलापूर, सांगली किंवा पुण्याकडे जाणार आहेत, त्यांनी निघण्याआधी मंडळाकडे नाव कळवावं. पैसे मंडळ देईल. तुम्ही फक्त बॅगेत जागा ठेवा आणि चेंडू घेताना तो एकदा फिरवून वर फेकून पाहा.