काचेपलीकडचा कान

ध्वनिमुद्रिकांवर परीक्षणे लिहिण्याचा उद्योग मी पुष्कळ वर्षे करीत आलो आहे. गायक कसा गायला, चाल कशी बांधली आहे, साथीदाराने कोठे घाई केली, हे सारे मी घरच्या आरामखुर्चीत बसून, चहाचा कप हाती धरून, मोठ्या अधिकाराने सांगत आलो. त्या अधिकाराला पहिला तडा गेला तो मुंबईच्या एखाद्या नामांकित स्टुडिओत नव्हे. तो गेला भांडगावात, माझ्या भाच्याच्या धान्याच्या खोलीत. त्या तड्याची हकीगत आणि तिच्यातून निघणारी टीका, ही दोन्ही आज वाचकांपुढे ठेवतो. टीका नेमकी कोणावर, ते वाचकांनीच ठरवावे.

भांडगाव दौंड तालुक्यातले. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागावे, यवत मागे टाकावे, की चौफुला येण्याच्या आत ते लागते. आषाढीच्या वाटेवर तुकोबारायांची पालखी याच रस्त्याने यवतहून वरवंडला जाते. आणि थोडे पुढे चौफुल्याला लावणीची कला केंद्रे आहेत. एका बाजूला टाळ-मृदंग, दुसऱ्या बाजूला ढोलकी-घुंगरू आणि मधून उसाच्या ट्रॉल्यांची रांग. अशा गावी कोणाला ध्वनिमुद्रणाची खोली काढण्याची बुद्धी झाली, तर त्यात नवल ते काय?

भाच्याने गोठ्याशेजारची धान्याची खोली रिकामी केली, मध्ये भिंत घातली, भिंतीत दुहेरी काच बसविली आणि सगळीकडे आमच्या अक्काने शिवलेल्या जुन्या गोधड्या टांगल्या. मायक्रोफोन मात्र उत्तम घेतला. जवळच्या पैशाचा मोठा हिस्सा त्यातच गेला. ऐकण्यासाठी लाउडस्पीकरांची जोडी आणि हेडफोन आले ते उरलेल्या पैशातून. मी जरा भुवया उंचावल्या, तेव्हा तो म्हणाला, “मामा, आवाज आत चांगला गेला की झालं. ऐकायचं काय, कशावरबी ऐकता येतं.”

हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. सारा घोटाळा त्या एका वाक्यात आहे. आणि खरे सांगायचे तर तोवर माझेही मत त्याहून फारसे निराळे नव्हते.

पहिले ध्वनिमुद्रण झाले ते गावच्या भजनी मंडळाचे. वयोवृद्ध बुवा गाणारे आणि साथीला तरणाबांड मृदंगिया. भाच्याने मला ते त्याच्या खोलीत ऐकविले. मृदंग असा घुमत होता की खिडकीची तावदाने थरथरावीत. मी खूश होऊन ते घरी आणले, माझ्या यंत्रावर लावले, आणि पाहतो तो मृदंगाची धुम बेपत्ता! कणकेचा लेप दिलेल्या त्या डाव्या पुडीचा भरदार, ओलसर नाद कोठेच नाही. कोणी रिकाम्या डब्यावर बोटे मारावीत तसा आवाज. मी सवयीप्रमाणे वही उघडली आणि निकाल लिहून मोकळा झालो : ‘मृदंगिया हाताचा हलका, शिवाय समेवर कचरतो.’

दोन्ही निकाल चूक होते. कसे, ते कळण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा गाणाऱ्याने एका कर्ण्यात तोंड घालून गायचे असे. आवाज मेणावर कोरला जाई. काय कोरले गेले ते तेथेच ऐकावे म्हटले तर ते मेण खराब होई. म्हणजे मुद्रण करणारा जवळजवळ अंदाजानेच काम करी. १९२५ च्या सुमारास विजेवरचे मुद्रण आले, मायक्रोफोन आला आणि मुद्रकाला दुसऱ्या खोलीत बसून, जे मुद्रित होत आहे तेच लाउडस्पीकरवर ऐकण्याची सोय झाली. गाणारा आणि श्रोता यांच्यामध्ये त्या दिवशी एक तिसरा कान येऊन बसला. प्रभातच्या १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त नट कॅमेऱ्यापुढे स्वतः गात आणि वादक चौकटीबाहेर बसत, पण सगळे एकमेकांना आपापल्या कानांनी ऐकत. पुढे पार्श्वगायन रुळले, गाणारा काचेच्या आड गेला. काच आवाज अडविते, मग हाक कशी मारायची? त्यासाठी तारेवरून बोलण्याची सोय करावी लागली. बटण दाबावे आणि आतल्याशी बोलावे. हिला टॉकबॅक म्हणतात.

आता आपल्या टीकेकडे पाहा. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते घरोघर गेली. गदिमा आणि सुधीर फडके यांच्यावर आपण भरभरून लिहिले, आणि ते योग्यच केले. परंतु काचेपलीकडे बसून गळा किती पुढे ठेवायचा आणि वाद्ये किती मागे, हे ठरविणाऱ्या कानांविषयी किती ओळी लिहिल्या? परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई यांनी ध्वनिमिश्रणाचे जे काम केले, त्याचे नाव चित्रपटसृष्टीत आदराने घेतात. ‘शोले’ पाहणाऱ्या शंभरांतल्या किती जणांना ते ठाऊक आहे? गायनाच्या टीकेत आम्ही गळा, हात आणि लेखणी पाहिली. कान पाहिला नाही.

तर भांडगावात काय झाले होते? भाच्याने दोन्ही लाउडस्पीकर जागा वाचावी म्हणून खोलीच्या दोन कोपऱ्यांत, भिंतींना चिकटवून ठेवले होते. कोपऱ्यातला लाउडस्पीकर खर्जाचे स्वर फुगवून सांगतो. भिंती ते परतवून त्याच्यात भर घालतात. गोधड्यांनी वरचे, तीक्ष्ण आवाज शोषले जातात. खर्जाला त्या अडवीत नाहीत, म्हणून तो आणखीच उठून दिसतो. भाच्याला वाटले, मृदंग फार घुमतो आहे. त्याने इमानेइतबारे धुम कमी केली, आणखी कमी केली, तरी त्याच्या खोलीत ती भरपूरच ऐकू येई. माझ्या घरी ते कोपरे नव्हते. मग उरले ते डब्याचे वादन. दोष मृदंगियाच्या हाताचा नव्हता, तो खोलीच्या कोपऱ्यांचा होता.

उपाय साधा निघाला. लाउडस्पीकर भिंतीपासून पुढे ओढले. दोन लाउडस्पीकर आणि ऐकणाऱ्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण केला, वरच्या पट्टीचा लहान पडदा बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणला. कोपऱ्यांत कापसाच्या जाड गाद्या उभ्या केल्या. दुसरी एक गोष्ट मी त्याला सांगितली, ती फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली दाखवून दिलेली : आवाज बारीक असला की कानाला खर्ज कमी ऐकू येतो, मोठा केला की तो भरून येतो. म्हणून कधी मोठा, कधी बारीक असे न करता एकाच बेताच्या पातळीवर ऐकून निर्णय घ्यावा. आणि शेवटी स्वयंपाकघरातल्या छोट्या रेडिओवरही लावून पाहावे, कारण अक्का तेथेच ऐकणार आहे. मोठमोठ्या स्टुडिओंतही हीच रीत आहे. यामाहाचा १९७८ चा एनएस-१० हा मुळात घरगुती लाउडस्पीकर. पण त्याच्यावर बरे वाजले की सगळीकडे बरे वाजते, या अनुभवाने तो जगभरच्या स्टुडिओंत जाऊन बसला. ऐकण्याच्या यंत्राने गोड बोलू नये, खरे सांगावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा.

आता ‘समेवर कचरतो’ या दुसऱ्या निकालाकडे वळू. मृदंगाचा आवाज बुवांच्या मायक्रोफोनमध्ये शिरू नये म्हणून भाच्याने मृदंगियाला पलीकडच्या कोठारात बसविले होते. दोघे एकमेकांना हेडफोनमधूनच ऐकत, आणि तो आवाज संगणकातून फिरून येई. या फेरीला सुमारे ४० मिलिसेकंद लागत. हे ऐकून आपण म्हणाल, एवढ्याने काय होते? हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे ४० मिलिसेकंद हे चौदा मीटरांचे अंतर झाले. दिंडीत एवढ्या अंतरावरचे टाळकरीही एकत्र वाजवितात, पण ते एकमेकांचे वर उचललेले टाळ डोळ्यांनी पाहतात. येथे डोळ्यांचा आधार काढून घेतलेला. मृदंगिया बुवांचा स्वर ऐकून हात टाकी, तो तेवढाच मागे पडलेला मुद्रित होई. आणि बुवांना तो पुन्हा उशिराने ऐकू येई. शिवाय स्वतःचा गळाही बुवांना त्याच वाटेने, त्याच उशिराने परत येत होता. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले होते, “आरं, माझ्या मागनं कुनी म्हनतंय का काय?” आम्ही सारे हसलो होतो. ती त्या खोलीत झालेली पहिली खरी टीका होती आणि ती आमच्यापैकी एकालाही कळली नाही.

शाहीर पोवाड्याची ललकारी देताना कानावर हात ठेवतो. चारचौघांच्या गलबल्यात आपला स्वर आपल्याला तत्काळ ऐकू यावा, ही त्याची योजना. तत्काळ या शब्दात सगळे आले. भाच्याने नंतर मायक्रोफोनचा आवाज संगणकात शिरण्यापूर्वीच थेट हेडफोनकडे वळविला. मृदंगियाला बुवांच्या समोर, नजरेच्या टप्प्यात बसविले. थोडा मृदंग बुवांच्या मायक्रोफोनमध्ये शिरला, शिरू दिला. त्याच मृदंगियाचा तोच हात, समेवर असा पडू लागला की मला माझ्या वहीतले पान फाडावेसे वाटले.

परंतु खरा प्रसंग याच्या आधीचा आहे आणि तो मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. पहिल्या दिवशी बुवांनी डोळे मिटून एक अभंग फार तन्मयतेने म्हटला. संपल्यावर डोळे उघडले. काचेपलीकडे भाचा आणि त्याचा मित्र कसल्याशा गोष्टीवर खदखदून हसत होते. कशावर, ते मला ठाऊक आहे. चहात साखरेऐवजी मीठ पडले होते. पण टॉकबॅकचे बटण बंद. बुवांना ऐकू आले ते एवढेच की आपले गाणे संपले, कोणी काही बोलले नाही आणि समोर दोन तोंडे हसताहेत. त्यांनी हेडफोन काढून खुर्चीवर ठेवला. “आमचं हसू करायला बोलावलंत व्हय?” एवढे म्हणून उपरणे झटकले आणि ते चालू लागले. चार महिने ते त्या खोलीकडे फिरकले नाहीत.

टॉकबॅक हे यंत्र किरकोळ दिसते : एक लहानसा मायक्रोफोन, एक बटण आणि बटण दाबताच बाहेरचे लाउडस्पीकर आपोआप हलके करणारी सोय, नाहीतर शीळ वाजू लागते. उलट दिशेने, आतल्या वादकांचे बोलणे बाहेर ऐकू यावे म्हणून आणखी एक मायक्रोफोन असतो. अशाच एका, केवळ बोलण्यासाठी टांगलेल्या मायक्रोफोनमधून लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत फिल कॉलिन्सचा ड्रम विलक्षण ऐकू आला, आणि पीटर गेब्रिएलच्या १९८० च्या ध्वनिमुद्रिकेत तोच नाद वापरला गेला. पुढे दहा वर्षे जगभर त्याची नक्कल झाली. ऐकण्यासाठी कान उघडा ठेवला की असे काही लाभते. पण माझ्या मते टॉकबॅकचे मुख्य काम याहून साधे आहे, आणि ते शिष्टाचाराचे आहे. गाणारा माणूस गाऊन थांबतो त्या क्षणी तो सर्वांत उघडा असतो. मैफलीत तेव्हा ‘वाहवा’ येते, कीर्तनात गजर होतो. काचेच्या खोलीत मात्र शांतता. आणि त्या शांततेचा अर्थ प्रत्येक गाणारा वाईटच लावतो. म्हणून बाहेरच्याने पहिल्या दोन-तीन सेकंदांत काही बोलले पाहिजे. ‘बुवा, झकास झालं, जरा थांबा, ऐकतो,’ एवढेही पुरे. यंत्र चांगले घेतले आणि बोललाच नाहीत, तर ती तार फुकट ताणली.

भाच्याने आता दोन नियम भिंतीवर लिहिले आहेत. आतून कोणी बोलले तर ते नेहमी बाहेर ऐकू येईल, त्याला बटण नाही. आणि गाणे संपताच पहिला शब्द बाहेरून जाईल. गेल्या आषाढानंतर तो स्वतः बुवांच्या घरी गेला, पाया पडला, मिठाच्या चहाची गोष्ट सांगितली. बुवा आधी गप्प राहिले, मग इतके हसले की त्यांना ठसका लागला.

माझी टीका म्हणाल तर ती माझ्यावरच आहे. मुद्रित गाण्याचे परीक्षण करणाऱ्याने गायक कसा गायला हे सांगण्यापूर्वी, गाताना त्याला काय ऐकू येत होते, याची चौकशी केली पाहिजे. ती न करता मी किती मृदंगियांचे हात हलके ठरविले असतील, देव जाणे. यावर कोणी म्हणेल, श्रोत्याच्या हाती जे आले त्याचाच निवाडा टीकाकाराने करावा, खोलीत डोकावू नये. निवाडा कृतीचा असेल तर मला हे मान्य आहे. पण आपण निवाडा माणसाचा करतो, त्याचे नाव घेऊन करतो, आणि तो छापतो.

बुवांनी गेल्या महिन्यात तोच अभंग पुन्हा म्हटला. वय झाले आहे. वरचा षड्ज पूर्वीसारखा लागत नाही, आणि पहिल्या दिवशीची ती तन्मयता तशीच्या तशी परत आली, असेही मी म्हणणार नाही. ते मुद्रण डब्याच्या आवाजासकट भाच्याने जपून ठेवले आहे. नवे मुद्रण बुवांना ऐकविले. डोळे मिटून, कानावर हात ठेवून त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, “पोराचा हात ग्वाड हाय. माझं ऱ्हाऊ द्या, दिवाळी झाल्यावर बघू.”

दिवाळी झाल्यावर मी भांडगावला जाणार आहे. वही नेणार नाही.