निदानाचा कथनकाल

द्विध्रुवीय विकाराचे निदान हा मूलतः वाचनाचा प्रश्न आहे. रुग्ण डॉक्टरांकडे येतो तो बहुधा नैराश्यात. उन्मादाचा काळ त्याच्या कथनातून गळतो, कारण तो त्याला आजार वाटतच नाही. अपुऱ्या संहितेचा अर्थ मग केवळ ‘नैराश्य’ असा लागतो. 2017 मधील एका संकलित अभ्यासात विकाराचा आरंभ व उपचार यांतील अंतर सुमारे 6 वर्षे आढळले. दरेकसासारख्या सीमेवरील गावासाठी प्रादेशिक मनोरुग्णालय नागपुरात. शिवाय उन्मादाला ‘उत्साह’, ‘अंगात येणे’ अशी तयार नावे भाषाच पुरवते. म्हणून घरच्यांची साक्ष हे संहितेचे गळालेले पानच होय. ते न वाचता नुसती नैराश्यविरोधी औषधे दिल्यास उन्माद उफाळू शकतो.