मिनिटाची किंमत : अतिजलद रेल्वे आणि खान्देश

बुलेट ट्रेनविषयी मराठीत २०१७पासून पुष्कळ लिहिलं गेलं. त्यात प्रामुख्यानं दोनच सूर आहेत. एक अभिमानाचा : जपानकडे आहे ते आपल्याकडेही हवं. दुसरा संतापाचा : लोकलच्या दाराशी माणसं लोंबकळत असताना ही चैन कशाला? दोन्ही सुरांत हिशेब फारसा नाही. मुंबई–अहमदाबाद मार्ग खान्देशातून जात नाही, त्यामुळे जळगाव-धुळ्याकडून पाहणाऱ्याला या गाडीचा ना मोह, ना तिच्यासाठी जमीन जाण्याची भीती. अशा जागेवरून हा हिशेब मांडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधी अहमदाबादच्या मार्गाचे आकडे. लांबी ५०८ किलोमीटर, त्यातले १५६ महाराष्ट्रात. स्थानकं १२, त्यातली चार आपल्याकडची. मूळ अंदाजपत्रक सुमारे १ लाख ८ हजार कोटी रुपयांचं, म्हणजे किलोमीटरमागे साधारण २१२ कोटी. त्यातले ८१ टक्के जपानचं कर्ज : व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षं, पहिली १५ वर्षं परतफेड नाही. १४ सप्टेंबर २०१७ रोजी भूमिपूजन झालं, तेव्हा २०२२च्या स्वातंत्र्यदिनापर्यंत गाडी धावावी अशी इच्छा बोलून दाखवली गेली. ती तारीख केव्हाच मागे पडली.

‘एवढ्या पैशात किती लोकल आल्या असत्या’ हा संतापाच्या बाजूचा आवडता युक्तिवाद मला कच्चा वाटतो. हे कर्ज त्याच प्रकल्पासाठी, जपानी तंत्रज्ञानाशी बांधून दिलेलं आहे. ते उचलून आपल्या मर्जीनं दुसरीकडे लावता येत नाही. पण अभिमानाच्या बाजूचा ‘जवळजवळ फुकटचा पैसा’ हा दावाही तपासावा लागतो. ८८ हजार कोटींचं मुद्दल ३५ वर्षांत फेडायचं म्हटलं तर वर्षाला अडीच हजार कोटी होतात. रोज एक लाख प्रवासी बसले असं धरलं, तरी प्रत्येक तिकिटातले सुमारे ६९० रुपये नुसत्या मुद्दलापोटी जातील. पन्नास हजारच बसले तर १,३८०. वीज, पगार, देखभाल याच्या वर. शिवाय कर्ज येनमध्ये आहे. येन रुपयापुढे वधारला, तर व्याजात वाचलेलं विनिमयात जाईल.

आणि एक रक्कम कर्जाची नाहीच. प्रकल्पाच्या कंपनीत महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांनी प्रत्येकी ५,००० कोटींचं भागभांडवल घालायचं ठरलं. महाराष्ट्राच्या वाट्यात रावेरच्या केळीवाल्याचा आणि शिरपूरच्या कापूसवाल्याचाही पैसा आहे. म्हणून हा प्रश्न खान्देशचाही होतो.

जपानचा दाखला सगळेच देतात. तो पुरता कोणी सांगत नाही. टोकियो–ओसाका शिंकान्सेन १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाली. लांबी ५१५ किलोमीटर, म्हणजे आपल्या मार्गाएवढीच. तिचा खर्च मूळ अंदाजाच्या जवळपास दुप्पट झाला आणि जपानी राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो यांना उद्घाटनाआधीच पद सोडावं लागलं. तरीही ती यशस्वी झाली. कारण ती बांधण्यामागे वेगाच्या हौसेपेक्षा गर्दीची निकड होती. जुना तोकाइदो मार्ग अरुंद रुळांचा, प्रवासी आणि माल या दोहोंनी तुडुंब भरलेला. नवी वाट काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आता काढायचीच आहे तर वेगवान काढू, असा तो क्रम होता. फ्रान्सनं १९८१ मध्ये पॅरिस–लिऑन मार्ग सुरू केला तेव्हा आणखी एक शहाणपण दाखवलं. त्यांच्या अतिजलद गाड्या जुन्या रुळांवरूनही धावू शकतात. त्यामुळे नवा मार्ग जिथे संपतो तिथून पुढच्या गावांनाही त्याचा लाभ मिळाला.

आपल्याकडे हे दुसरं दार बंद आहे. बुलेट ट्रेनचे रूळ १,४३५ मिलिमीटर रुंदीचे, आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची. ती गाडी सुरतेहून वळून नंदुरबार-अमळनेरकडे कधीच येणार नाही. खान्देशच्या माणसाला तिचा उपयोग व्हायचा तर सुरतेला गाडी बदलूनच. तिथलं बुलेट स्थानक शहराबाहेर अंत्रोळीला आहे. सुरत–भुसावळ मार्गाच्या गाड्यांशी त्याचा नीट मेळ घातला, तर दोंडाईच्याच्या व्यापाऱ्याला अहमदाबाद खरोखर जवळ येईल. नाही घातला, तर वाचलेला वेळ रिक्षात जाईल. ही मागणी कमी खर्चाची आहे. तीच आपण करत नाही.

आता आपल्या घरचा हिशेब. रेल्वे कुठून जाते यावर गावांचं भवितव्य ठरतं, हे खान्देशाइतकं कोणाला ठाऊक असणार? १८६०च्या दशकात जी. आय. पी. रेल्वे चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ अशी पुढे गेली. जिल्ह्याचं ठाणं असलेलं धुळं बाजूला राहिलं. चाळीसगाव–धुळे फाटा यायला १९०० साल उजाडलं. १९०६ मध्ये खान्देशचे दोन जिल्हे झाले, तेव्हा पूर्व खान्देशचं मुख्यालय रुळावरच्या जळगावला गेलं. भुसावळ तर रेल्वेनंच मोठं केलं. धुळं फाट्याच्या टोकाशी थांबून राहिलं. दादर–धुळे थेट गाडी सुरू झाली ती २०२३ मध्ये, तीही आधी आठवड्यातून तीन दिवस.

अलीकडे तीन मंजुऱ्या मिळाल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये जालना–जळगाव : १७४ किलोमीटर, ७,१०५ कोटी. सप्टेंबर २०२४ मध्ये मनमाड–इंदूर : ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी, ३० नवी स्थानकं, मुदत २०२८-२९. हा मार्ग मालेगाव, धुळे, शिरपूर करत सातपुडा ओलांडेल. धुळ्याचं फाट्याचं दुखणं त्यानं कायमचं संपेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव–मनमाड चौथी लाइन : १६० किलोमीटर, सुमारे २,७७३ कोटी. किलोमीटरमागे दर काढला तर अनुक्रमे ४१, ५८ आणि १७ कोटी. बुलेटचा २१२.

नुसता दर ताडून पाहणं अन्यायाचं आहे, कारण वेग वेगळा. म्हणून वाचलेल्या मिनिटाची किंमत काढून पाहू. मुंबई–जळगाव सुमारे ४२० किलोमीटर. साध्या एक्स्प्रेसला सात तास धरले तर सरासरी वेग ताशी ६०. तो ८० झाला तर सव्वापाच तास लागतील. १०५ मिनिटं वाचतील. त्यासाठी सगळ्या मार्गावर चौथ्या लाइनच्या दरानं एकेक जादा लाइन टाकली असं समजू : सुमारे ७,३०० कोटी, म्हणजे मिनिटामागे ७० कोटी. आता याच अंतराला बुलेट ट्रेन, ताशी सरासरी २५०. वेळ एक तास चाळीस मिनिटं, बचत ३२० मिनिटांची. खर्च अहमदाबादच्या दरानं ८९ हजार कोटी, म्हणजे मिनिटामागे २७८ कोटी. चौपट. यावर आक्षेप येईल की कसाऱ्याच्या घाटात, जिथे सदतिसास एक चढावर गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात, आणि कल्याणच्या दाट वस्तीत १७ कोटींचा दर टिकणार नाही. मान्य. सगळीकडेच दुप्पट धरा. तरी बुलेटचं मिनिट दुपटीनं महाग पडतं. बुलेटलाही हाच घाट आणि हीच वस्ती ओलांडायची आहे, हे मी त्यात धरलेलंच नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही मिनिटं कोणाची. बुलेटची मिनिटं तिकीट परवडणाऱ्याची. जादा लाइनची मिनिटं जनरल डब्यातल्या माणसाची, मालगाडीला वाट द्यायला सायडिंगला उभ्या राहणाऱ्या पॅसेंजरची, आणि सावदा-रावेरहून दिल्लीकडे निघालेल्या केळीच्या वॅगनचीही. केळीला वेळेची किंमत प्रवाशापेक्षा जास्त कळते. अतिजलद मार्ग प्रवाशांसाठीच असतो. त्यावर केळी चढत नाहीत.

मुंबई–नागपूर अतिजलद मार्गाचाही प्रस्ताव आहे. नाशिक, शिर्डी, संभाजीनगर, जालना असा समृद्धी महामार्गाच्या सोबतीनं जाणारा हा मार्ग खान्देश टाळतो. ‘आमच्याकडून का नाही?’ हा प्रश्न इथे ऐकू येतो, आणि धुळ्याचा इतिहास पाहता तो रास्तही आहे. पण मला ती मागणी चुकीची वाटते. अतिजलद गाडीचा वेग न थांबण्यात असतो. ती इकडून गेलीच तर फार तर जळगावला थांबेल. चाळीसगाव, पाचोरा, अमळनेर, धुळं तिच्यासाठी नुसती खिडकीबाहेरची गावं. १८६०च्या दशकात धुळ्याचं जे झालं, ते या वेळी आणखी पाच-सहा गावांचं होईल.

मी अतिजलद रेल्वेच्या विरुद्ध नाही. जिथे दोन मोठी शहरं चार-पाचशे किलोमीटरवर आहेत, जुनी वाट भरून गेली आहे आणि तिकीट घेणारे पुरेसे आहेत, तिथे ती उद्या ना परवा लागेलच. जपाननं गर्दी आधी पाहिली, वेग नंतर. तोच निकष इथे लावला तर खान्देशची ‘शिंकान्सेन’ म्हणजे तिसरी-चौथी लाइन, आणि तिच्यासोबत कसाऱ्याच्या घाटाला काढलेला सोपा पर्याय. तिला नाव देखणं नाही, नाकही लांब नाही. म्हणून तिच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही.

मंजुरी कागदावर मिळते, गाडी रुळावर धावते. मनमाड–इंदूर मार्गाला २०२८-२९ची मुदत सरकारनंच घातली आहे. दरवर्षीच्या अर्थसंकल्पात या मार्गाला नेमकी किती रक्कम मिळाली, तिच्यातली किती खर्ची पडली आणि किती जमीन ताब्यात आली, हे तीन आकडे खान्देशच्या प्रत्येक खासदाराला विचारायला हवेत. नव्या बुलेट ट्रेनची मागणी त्यानंतर.