वास्तवाचा हिशेब : ‘चक्र’ आणि ‘सलाम बॉम्बे!’ या चित्रपटांतील बेघरपण व व्यसन

१

भारतीय कथाचित्रपटाचा पहिला नायक हा घर गमावलेला माणूस होता, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत प्रदर्शित झाला, आणि त्याच वर्षी त्यांनी आपला कारखाना नाशिकास आणला. राज्य दान करून पत्नी व पुत्रासह रस्त्यावर आलेला आणि अखेर स्मशानात चाकरी पत्करणारा हा राजा प्रेक्षकांच्या पूर्ण परिचयाचा होता. त्याचे बेघरपण ही सत्त्वपरीक्षा होय. परीक्षा संपताच गेलेले सर्व परत मिळते. किंबहुना ते परत मिळणार हे ठाऊक असल्यामुळेच प्रेक्षक त्याचे हाल पाहू शकतो. नाशिकसारख्या क्षेत्री तर बेघरपणाचे आणखी एक मान्य रूप आहे. सिंहस्थास येणारा साधू घर सोडून आलेला असतो, आणि त्या सोडण्यामुळेच तो वंद्य ठरतो. रामकुंडाच्या पायऱ्यांवर ज्याला नाइलाजाने निजावे लागते, त्याच्याकडे मात्र ती दृष्टी वळत नाही.

व्यसनाच्या बाबतीतही मराठी मनाचा साचा असाच आधी ठरून गेलेला होता. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकर हा बुद्धिमान वकील. त्याला पद आहे, घर आहे, साध्वी पत्नी आहे. त्याचा नाश हृदयद्रावक वाटतो तो त्याला गमावण्याजोगे पुष्कळ आहे म्हणून. व्यसनाची कथा ही उंचीवरून झालेल्या पतनाची कथा, हा संकेत या नाटकाने इतका दृढ केला की पुढील कित्येक दशके मराठी लेखक व प्रेक्षक त्याच मोजपट्टीने व्यसनी माणसास मोजीत राहिले.

ज्याला मुळात घरच नव्हते आणि ज्याच्यापाशी पतनासाठी उंचीच नव्हती, त्याचे चित्रण कसे करावयाचे, हा प्रश्न या दोन्ही परंपरांत अनुत्तरित राहिला. धंदेवाईक चित्रव्यवसायाच्या बाहेर निर्माण झालेल्या ज्या चित्रपटांनी तो हाती घेतला, त्यांत रवींद्र धर्मराज यांचा ‘चक्र’ (१९८१) आणि मीरा नायर यांचा ‘सलाम बॉम्बे!’ (१९८८) हे दोन प्रमुख होत. दोन्ही हिंदी भाषेतील. परंतु दोहोंची भूमी मुंबई आहे, आणि पहिल्याचे मूळ तर जयवंत दळवी यांच्या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘चक्र’ या मराठी कादंबरीत आहे.

२

या चित्रपटांना ‘वास्तववादी’ म्हणण्याचा प्रघात आहे, पण त्या शब्दाने नेमके काय सुचवावयाचे याची चिकित्सा क्वचितच होते. झोपडपट्टीतील चिखल, गटारे, शिवराळ भाषा ही वास्तवाची लक्षणे मानली जातात. वस्तुतः चिखल हा कोणत्याही चित्रपटात नेपथ्य म्हणून उभा करता येतो. वास्तवदर्शनाची खरी कसोटी अशी की, पात्राच्या आयुष्यातील प्रत्येक वस्तूस किती किंमत पडते आणि ती कोण चुकते करतो, याचा हिशेब चित्रपट मांडतो की नाही. भारतातील पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, १९५२ साली, दाखविला गेलेला व्हित्तोरिओ द सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ येथे आठवावा. घरातील चादरी गहाण टाकून सोडवून आणलेली सायकल चोरीस जाते, एवढाच त्याचा विषय. त्या चादरींचा हिशेब प्रेक्षकाने पाहिलेला असल्यामुळेच सायकलीची चोरी त्याला अनर्थ वाटते.

‘चक्र’मध्ये हा हिशेब आरंभीच मांडला जातो. सावकाराच्या हत्येनंतर गावाकडून पळून आलेले जोडपे आपल्या मुलासह मुंबईत येते, आणि झोपडी उभारण्यासाठी पत्रा चोरताना नवरा प्राणास मुकतो. एका पत्र्याची किंमत एक माणूस. अम्मा (स्मिता पाटील) हिचे पुढील सारे आयुष्य या व्यवहाराच्या छायेत जाते. लुक्का (नसीरुद्दीन शाह) हा वस्तीचा दादा. अम्माचा मुलगा बेनवा त्याच्याकडे कौतुकाने पाहतो. परंतु लुक्काचे शरीर रोगाने पोखरलेले आहे, आणि अखेरीस औषधविक्रेत्याचा खून करून तो अम्माच्याच आश्रयास येतो. पोलीस येतात, अम्माचा गर्भपात होतो, आणि शेवटी यंत्रे येऊन वस्ती भुईसपाट करतात.

हा शेवट निव्वळ कल्पित मानता येत नाही. चित्रपटाच्याच वर्षी, १९८१ साली, मुंबईतील पदपथवासीयांना हुसकावून लावण्याची मोहीम राज्य शासनाने जाहीर केली. त्याविरुद्ध झालेल्या ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्कात अंतर्भूत असल्याचे मान्य केले. मात्र रीतसर सूचना देऊन पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. माणूस पदपथावर राहतो तो कामाच्या जवळ राहता यावे म्हणून, हे सत्य या खटल्यात न्यायालयासमोर मांडले गेले. ‘चक्र’ने ते आधीच दृश्यरूपात मांडले होते.

या चित्रपटाबद्दल एक आक्षेप मात्र विचारात घ्यावा लागतो. अम्मा उघड्यावर स्नान करते त्या दृश्यास कथेत पूर्ण प्रयोजन आहे. भिंत नसलेल्या स्त्रीस आडोसा कोठून मिळावा, हा त्याचा अर्थ. जाहिरातफलकांवर मात्र तेच दृश्य मोठ्या आकारात झळकले, आणि त्यावर त्या काळी टीकाही झाली. भिंत नसणे हे त्या दृश्याचे कारण होते. फलकावर कारण गळाले आणि केवळ शरीर उरले. वास्तवचित्रण त्याच्या संदर्भापासून तोडले की ते किती सहज प्रदर्शनवस्तू बनते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

३

‘सलाम बॉम्बे!’मध्ये हिशेबाचा आकडाच कथेचा कणा आहे : पाचशे रुपये. विजापूरकडील कृष्णा (शफीक सय्यद) भावाच्या वाहनाची नासधूस करतो. तेवढी रक्कम मिळविल्यावाचून घरी येऊ नकोस असे सांगून आई त्याला सर्कशीत सोडते. सर्कस त्याला मागे टाकून निघून जाते आणि तो मुंबईस येतो. वेश्यावस्तीत चहा पोचविणारा हा मुलगा पै पै साठवितो. त्याचा मित्र चिलिम (रघुवीर यादव) हा बाबा (नाना पाटेकर) या दलालासाठी गर्द विकतो आणि स्वतःही त्याच्या आहारी गेलेला आहे.

येथे पटकथाकार सूनी तारापोरवाला यांनी साधलेली एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. या वस्तीत कोणालाही स्वतःचे नाव उरत नाही. कृष्णाला ‘चायपाव’ म्हणतात, कारण तो चहा आणतो. नव्याने आणलेली मुलगी ‘सोला साल’ म्हणून ओळखली जाते, कारण तिचे वय हीच तिची किंमत. ‘चिलिम’ हेही असेच कामावरून पडलेले नाव आहे. बाबाची मर्जी फिरल्यावर चिलिमचे काम सुटते, गर्द मिळेनासा होतो, आणि त्याच्या यातना शमविण्यासाठी कृष्णाची कमाई खर्ची पडू लागते. अखेर चिलिम ती शिल्लकच चोरतो आणि अतिसेवनाने मरतो. पुढे सुधारगृहातून पळून आलेल्या कृष्णाला एक नवा मुलगा भेटतो. चिलिमचे काम त्याला मिळालेले आहे, नावही चिलिमच.

व्यसनाच्या चित्रणात हा प्रसंग ‘एकच प्याला’च्या परंपरेपासून पूर्णपणे वेगळा पडतो. सुधाकराची जागा कोणी घेऊ शकत नाही. म्हणून त्याचा अंत शोकान्त ठरतो. चिलिमची जागा मात्र दुसऱ्याच दिवशी भरता येते. व्यसनी माणूस येथे पापी नाही आणि पतितही नाही. तो एका व्यापाराचा विक्रेता आहे आणि त्याच व्यापाराचा गिऱ्हाईकही. मालाचा खप आणि माणसाचा क्षय यांचा एकच हिशेब आहे, हे चित्रपट कोणत्याही उपदेशावाचून पटवितो.

त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. अखेरीस कृष्णा बाबाला भोसकतो. एका खलपुरुषाचा वध झाल्याने प्रेक्षकाच्या क्षोभास वाट मिळते खरी. परंतु व्यापार व्यक्तीवर अवलंबून नाही, हे जे चित्रपटानेच दाखविले, त्याला या प्रसंगाने बाध येतो. सुदैवाने शेवट तेथे होत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत कृष्णा आणि रेखा (अनिता कंवर) यांची ताटातूट होते, आणि तो एकटा उरतो. हरिश्चंद्राप्रमाणे त्याला काहीच परत मिळत नाही.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. चिलिमला पूर्वायुष्य जवळजवळ नाही आणि भविष्यही नाही. व्यसनातून माणूस बाहेर येऊ शकतो, ही शक्यताच चित्रपटाच्या कक्षेबाहेर राहते. याच काळात अनिल अवचट ‘गर्द’मधून मराठी वाचकांसमोर व्यसनी माणूस रुग्ण म्हणून उभा करीत होते, आणि १९८६ साली अनिल व सुनंदा अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचे साहाय्य त्यामागे होते. व्यसनातून बाहेर पडलेले कित्येक जण तेथे पुढे इतरांचे आधार झाले. हेही वास्तवच होते. मृत्यू हाच एकमेव प्रामाणिक शेवट, असा जो समज या चित्रपटांमुळे रुजला, तो म्हणूनच तपासून घेतला पाहिजे.

४

‘सलाम बॉम्बे!’मधील बहुतेक मुले रस्त्यावरच वाढलेली होती. चित्रीकरणापूर्वी त्यांच्यासाठी अभिनयाची कार्यशाळा घेण्यात आली. चित्रपटास कान महोत्सवात पदार्पणाचा पुरस्कार मिळाला, शफीक सय्यद राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला, आणि अशा मुलांसाठी १९८८ सालीच सलाम बालक न्यास स्थापन झाला. शफीकने मात्र पुढे बंगळूर येथे रिक्षा चालवून चरितार्थ चालविला. यात चित्रपटाचा अधिक्षेप पाहण्याचे कारण नाही, परंतु हिशेब मांडणाऱ्या कलाकृतीस हाही आकडा टाळता येणार नाही. कलेने ज्यांचे जीवन घेतले त्यांचे देणे ती कितपत फेडू शकते, या प्रश्नाचे उत्तर चित्रपटाच्या शेवटच्या दृश्यात मिळत नाही. न्यासाच्या रूपाने ते शोधण्याचा प्रयत्न तरी झाला.

एकंदरीत पाहता, या दोन चित्रपटांनी बेघरपणास सत्त्वपरीक्षेतून आणि व्यसनास नीतिकथेतून सोडविले. घर ही पत्रे, पैसे आणि कामाचे अंतर यांनी बनलेली वस्तू आहे, आणि व्यसन हा एक चालता व्यापार आहे, हे त्यांनी दाखविले. जेथे त्यांनी हा हिशेब नेटाने मांडला तेथे ते समर्थ ठरले. जेथे खलनायकाच्या वधाकडे किंवा जाहिरातीच्या मोहाकडे ते वळले तेथे त्यांची पकड सुटली. हरिश्चंद्राच्या कथेपासून निघालेल्या भारतीय चित्रपटास, ज्याला राज्य परत मिळणार नाही अशा माणसाकडे पाहावयास साठ-सत्तर वर्षे लागली. हा विलंब ध्यानी घेऊनच त्या पाहण्याचे मोल ठरवावयास हवे.