संगीत नाटकातलं प्रेम : ‘नाही’ कोण म्हणतं?

जळगावात बालगंधर्वांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो. नाट्यपदं ऐकताना सगळ्या नायिका थोड्याफार सारख्याच वाटतात. विरह, ओढ, लाज, सगळं गोडच. आता कुणी ‘मराठी संगीत नाटकातील प्रेमकल्पनेचा बदल’ असा विषय घेतला आणि नुसती पदं गोळा केली, तर बदल सापडणारच नाही. मग काय पाहायचं?

मी एक साधा प्रश्न वापरते : ठरवलेल्या लग्नाला ‘नाही’ कोण म्हणतं, आणि ते ‘नाही’ टिकतं का?

किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ (1882) घ्या. सुभद्रेचं मन अर्जुनावर आहे, बलराम तिला दुर्योधनाला द्यायला निघालाय. तिची सुटका होते ती कृष्णाच्या डावपेचाने. म्हणजे प्रेम खरं, पण ते पार पाडायला एक भाऊ लागतो. देवलांच्या ‘शारदा’त (1899) म्हाताऱ्या भुजंगनाथाशी ठरलेलं लग्न मोडतं, पण मुलीला नको म्हणून नाही, वर सगोत्र निघाला म्हणून! हे लक्षात घेतलं की ‘शारदा म्हणजे स्त्रीच्या निवडीचं नाटक’ हे विधान जपून करावं लागतं.

खाडिलकरांच्या ‘मानापमाना’त (1911) भामिनी गरीब धैर्यधराला स्वतःच्या तोंडाने नाकारते, आणि ते ‘नाही’ चालतं. पुढे वनमाला बनून ती त्याला जवळून पाहते, पारखते आणि मग वरते. इथे प्रेम म्हणजे माणूस ओळखणं.

झालं, मुक्तीचा आलेख तयार? थांबा. 1919 साली गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ येतं. सिंधूसुद्धा ‘नाही’ म्हणते, पण ते दारुड्या नवऱ्याला सोडण्याला. तिचं प्रेम पातिव्रत्यात विरघळतं. आणि गंमत बघा, भामिनी आणि सिंधू दोघीही गाजवल्या बालगंधर्वांनीच. आठ वर्षांच्या अंतराने प्रेक्षकांनी तोच गळा दोन उलट्या कल्पनांसाठी डोक्यावर घेतला.

याला ‘समाज मागे गेला’ म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. नवी कल्पना जुनीला हाकलत नाही, दोन्ही एकाच रंगमंचावर शेजारी नांदतात. ‘एकच प्याला’तच तळीरामाची गीता नवऱ्याला फटकारते, पण रडवते सिंधू. तेव्हा नाटक काय बोलतं आणि अश्रू कुणासाठी काढायला लावतं, या दोन नोंदी वेगळ्या ठेवा.

विषय निवडणाऱ्यांना एवढंच सांगेन : साल वाढलं म्हणून विचार पुढे गेला असं गृहीत धरू नका. आधी संहिता पूर्ण वाचा, पदं नंतर ऐका. उलटं केलंत तर गळ्याची गोडी तुमचा निष्कर्ष आधीच लिहून टाकेल.